बसून घेतलेलं माप

५ नोव्हेंबर

भिंगरी,

तू बाजारातून घेतलेलं तयार जाकीट फार स्वस्तात पडलं, असं तुझ्या आईने मला दोनदा ऐकवलं. म्हणून त्याचा खरा हिशेब मांडून पाठवतोय. जाकीट एक. त्याची झिप भल्या सकाळी अडकली, म्हणून थोरलीची शाळेची घंटा चुकली. ती रडली, आणि तिच्या बाईंनी तुला दारात उभं करून चार शब्द सुनावले. झिप सुटेना म्हणून जाकीट डोक्यातून ओढून काढलंस, त्यात एक कानातलं गेलं. पहिल्याच पावसात खांद्याची शिवण गळली. सर्दी तुला झाली, तुझी धाकट्याला, त्याची थोरलीला, आणि गावभर फिरून आल्यासारखी परत तुला. आता ते जाकीट दाराशी पाय पुसायला टाकलंय म्हणे. पायपुसणं म्हणून बघितलं तर बाई गं, फारच महाग पडलं.

ही सगळी माहिती तुझ्या आईचीच. हिशेब तेवढा तिने केला नव्हता.

आता माझं ऐक. दुसऱ्यांच्या कोटांना फुटपाथवर इस्त्री करत मी मोठा झालो. आज कोटांचा स्वतःचा कारखाना आहे, हाताखाली माणसं आहेत. माझ्या भाचीने बाजारातलं जाकीट घातलं हे त्यांना कळलं तर ती माझ्या तोंडावर हसतील, आणि पाठीमागे जास्त. तुझा या हिवाळ्याचा कोट माझ्याकडे लागला.

कसा हवा ते फार लिहू नकोस. गिऱ्हाईक कोटाबद्दल जे बोलतं ते मी ऐकतच नाही. माप घेताना ते बाकी काय बोलतं, ते ऐकतो. एकजण बाहीचं माप देताना सारखा साहेबाच्या गोष्टी सांगत होता. त्याला मी खांदे भक्कम करून दिले. महिन्याने येऊन म्हणाला, ‘शेठ, साहेब आता आधी नमस्कार करतो.’ कोट असा कानाने कापायचा असतो.

आणि फोन नको. फोनवर सगळेच मजेत असतात, आणि मशिनांच्या खडखडाटात मला ते खरंही वाटतं. पत्र लिही. कुठे खोडलंयस तेवढं बघितलं की मला पुरे.

माप असं दे: भिंतीला टाचा लावून ताठ उभी राहा, नजर समोर, हात सैल. टेप दुसऱ्या कोणाच्या तरी हातात. जावईबापूंना नमस्कार. तुझी मामी विचारते, मुलं जेवतात का? गेली कित्येक वर्षं तिचा प्रश्न तोच आहे, फक्त मुलं बदलतात.

तुझा
मामा


१४ नोव्हेंबर

मामा,

हिशेब पोचला. त्यात एक बाब राहिली. ते जाकीट घातलेला फोटो मी आईला पाठवला, आईने तो तुला दाखवला, आणि आता हा कोट तुझ्या गळ्यात पडला. तो खर्च तुझ्या नावावर.

मापाचा कागद सोबत आहे. शेजारच्या ग्रंथपालबाईंनी माप घेतलं. त्या कपाटातली पुस्तकं तपासतात तशी त्यांनी मला तपासली, कण्यावर बोट फिरवत. ताठ उभं राहायलाच वेळ लागला, कारण धाकट्याने माझी पोटरी धरून ठेवली होती. शेवटी त्याला बिस्किटाचा डबा दाखवून टेबलाखाली पाठवला, तेव्हा कुठे माझ्या टाचा भिंतीला लागल्या.

कोट अगदी साधा कर, धुता आला तर फारच बरं. मुलांना रोज बाहेर घेऊन जायचं असतं. थंडी आहे, पण तशी काही नाही. दुपारी आम्ही मैदानावर जरा वेळ असतो. तिथे बाकीच्याही आया असतात. त्यांचे कोट छान असतात, लांब, राखाडी.

ह्यांना डेअरीत काम मिळालंय, दूध तापवतात तिथल्या बॉयलरवर. रात्रपाळी आहे, पण काम चांगलं आहे. थोरली आता जोडाक्षरं लिहिते आणि दिसेल त्याची चूक काढते. बाकी सगळे मजेत.

तुझी
भिंगरी


३ डिसेंबर

भिंगरी,

पार्सल आज निघालं. दोरी कापू नकोस, सोड. चांगली दोरी आहे.

‘साधा कर’ असं तू लिहिलंस, ते ठरल्याप्रमाणे मी ऐकलं नाही. मी ऐकलं ते हे: ‘तिथे बाकीच्याही आया असतात. त्यांचे कोट छान असतात.’ बास. मला सगळं मैदान डोळ्यांसमोर दिसलं. नवी जागा, नवी माणसं, त्या बायका घोळक्यात उभ्या आणि आपली भिंगरी कडेला, पायपुसण्याच्या जाकिटात. आणि ‘बराच वेळ’ लिहून त्यातलं ‘बराच’ खोडून ‘जरा’ केलंयस, तेही मी उजेडाला धरून वाचलं. म्हणजे तिथे रमतेस, पण सांगायला लाजतेस. लाजायचं काय त्यात! चार बायकांत मिसळावं, गप्पा माराव्यात.

तर कोट राखाडी आहे, त्या बायकांच्या राखाडीपेक्षा एक छटा वरचढ. नडगीपर्यंत लांब. अस्सल लोकर, आत रेशमी अस्तर, शिंगाची बटणं. कॉलर मी स्वतः हाताने शिवली. मुकादम म्हणाला, ‘शेठ, मशीन आहे की.’ मी म्हटलं, ‘मशीन आहे, पण मशीनला भाची नाही.’

एक सांगून ठेवतो. माझ्या हातचा कोट खुंटीला लटकत नाही. ज्याच्यासाठी शिवला त्याच्या अंगावरच झिजतो. हे मी कोणासमोरही छातीवर हात ठेवून सांगतो. काल मुकादमासमोर पुन्हा एकदा सांगितलं.

तुझा
मामा

मुलं जेवतात का? — मामी


१६ डिसेंबर

मामा,

कोट मिळाला. बटणं फार सुंदर आहेत. ग्रंथपालबाई खास बघायला आल्या, हात फिरवून म्हणाल्या, ‘हा घालून कोणाच्या तरी लग्नाला जायला हवं.’ अस्तर इतकं मऊ आहे की धाकटा बाहीत डोकं घालून बसतो. बटणांना खरंच तोड नाही. मैदानावर एकीने विचारलं, कुठून घेतला? मी म्हटलं, मामाने शिवला. सगळं झकास बसलंय. इतके दिवस झाले, पण बटण एकही सैल नाही.

मामीला सांग, जेवतात.

भिंगरी


२२ डिसेंबर

भिंगरी,

एवढ्याशा पत्रात बटणं तीनदा! माणूस बटणांची इतकी स्तुती करायला लागला की समजावं, कोट त्याला चावतोय. पत्र पुन्हा चाळलं. ऊब हा शब्द कुठेच नाही. खोडाखोडही नाही, म्हणजे आधी कच्चं लिहून मग उतरवलंस. आणि ‘झकास’ हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. गणितात नापास झालीस त्या वर्षीही पेपर झकासच गेला होता.

खरं काय ते लिही. मी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन जेवलेला माणूस आहे, त्या मला पचतात. स्तुती पचत नाही.

मामा

त.क. भिंगरी, ह्यांनी मला शिवलेला कोट घालून मी जमिनीवर पडलेली किल्ली उचलू शकत नाही. पायाने सरकवत दारापर्यंत आणते. हे मी त्यांना आजवर बोलले नाही, पण पाकीट तेच बंद करतात, तेव्हा आज कळेलच. मी सांगितलं, आता तू सांग. — मामी

त्या त.क.चा त.क. वाचलं. तुझ्या मामीचा कोट खुंटीला नाही. कपाटात आडवा ठेवलेला आहे. माझा शब्द शाबूत आहे. — मामा


२ जानेवारी

मामा,

रागावू नकोस. आणि हे आईला कळवू नकोस, ती पुढच्या गाडीने इथे येऊन बसेल, आणि जागाच नाहीये.

घर दोन खोल्यांचं आहे. मधली भिंत लाकडाची, आणि तीही वरपर्यंत पोचत नाही. डेअरी गावाबाहेर, त्यामुळे पाळी संपवून, दोन बस बदलून हे घरी येतात तेव्हा दुपार होत आलेली असते. नेमकी तेव्हाच थोरली शाळेतून येते. ह्यांना झोप मिळायची ती दुपार ते संध्याकाळ, आणि मुलांचा धिंगाणाही तेव्हाच. धाकटा नुसता चालला तरी खाली मोळ्या टाकल्यासारखा आवाज होतो. म्हणून मी दोघांना घेऊन बाहेर पडते आणि दिवे लागेपर्यंत परत यायचं नाही, असा नेम केलाय. ‘बराच वेळ’ म्हणजे हा. रमत बिमत नव्हते मी.

ऑक्टोबरात जमलं. मग थंडी वाढली तशी मी लवकर परत यायला लागले. मुलं धावतात, त्यांना काही होत नाही, गारठते ती मी. आम्ही आलो की हे उठून बसतात. ‘झालीच होती झोप’ म्हणतात आणि मुलांशी खेळतात. मग डिसेंबरात एका पहाटे बॉयलरपाशी ह्यांचा डोळा लागला. फोरमन माणूस चांगला आहे. त्याने हलवून उठवलं आणि म्हणाला, ‘आज मी काही बघितलं नाही. पुढच्या वेळी मला दिसेल.’ बॉयलर आहे, मामा. फोरमनचं काही चुकत नाही.

आता तुझा कोट. तो घालून मी आरशासमोर उभी राहते तेव्हा राणीसारखी दिसते. पण मैदानावर मी उभी नसतेच. बुटाची नाडी बांधायला उकिडवी बसते, घसरगुंडीखाली लपलेल्याला ओढून काढायला रांगते, ओल्या कठड्यावर बसते. बसलं की पाठीत ताणतं, म्हणून खालची बटणं सोडते, आणि सगळा वारा आत येतो. घेर चिखलात लोळतो. लोकर भिजली की इतकी जड होते की जणू तिसरं मूल कडेवर घेतलंय. थोरली म्हणते, ‘आई, तुला मेंढीचा वास येतो.’ धाकटा तुझ्या शिंगाच्या बटणांना नाक पुसतो. धुवायचा कसा, ते मला माहीत नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण मागच्या आठवड्यात धाकट्याने खेळता खेळता एका राखाडी कोटाचं टोक धरलं आणि तिच्या मागे चालायला लागला. ती मी नव्हते. मैदानावर पाठीमागून आम्ही सगळ्या सारख्याच. ती बाई फाटकाबाहेर पडली, हाही पडला. बाहेर ट्रकचा रस्ता आहे. रस्ता ओलांडायला तिने पाऊल टाकलं तेव्हा तिला कोट ओढल्यासारखा वाटला आणि तिने वळून बघितलं. मी तोवर घसरगुंडीखाली बघत होते.

त्या दिवसापासून आम्ही मैदानावर गेलेलो नाही. जिन्यात बसतो, तिघंही, पायऱ्यांवर. मी गोष्टी सांगते, हळू आवाजात. पण जिना घुमतो. हे झोपतात की नाही, ते मी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत.

कोट वाईट नाही, मामा. तो माझ्या या कामाचा नाही, एवढंच. मी इथेच काहीतरी तयार बघते. तू मनाला लावून घेऊ नकोस.

भिंगरी


११ जानेवारी

भिंगरी,

पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा वाचलं. मग मुकादमाला म्हटलं, मी जरा बाहेर जाऊन येतो. तो म्हणाला, ‘वसुलीला?’ मी म्हटलं, ‘मैदानावर.’ त्याला वाटलं, मला बरं नाही.

आमच्या शाळेमागच्या मैदानावर जाऊन बाकावर बसलो. गळ्यात टेप, ती सवयीने तशीच राहिलेली. आया होत्या, एक-दोन बाप होते, पोरं तर विचारूच नकोस. मी बघत बसलो. थोड्या वेळाने जाड वेणीची एक बाई समोर येऊन उभी.

‘काका, मघापासून काय बघताय?’

‘पाठ,’ मी म्हटलं.

पुढचं वाक्य मला पटकन सुचलं नसतं तर हे पत्र तुला पोलीस चौकीतून आलं असतं. ‘पाठीची शिवण. काखेपाशी ताणलीय. खाली बसताना फाटेल.’

‘फाटलीच आहे,’ ती म्हणाली आणि वळून दाखवलीन. ‘तुम्ही शिंपी का?’

‘कोटवाला.’

‘मग बरे सापडलात. बायकांच्या कोटाला खिसे कोणाच्या हातासाठी ठेवता हो? चार हातमोजे, दोन पाव, एक दगड, एवढं मला जवळ बाळगायचं असतं.’

‘दगड कशाला?’

‘त्याचा आवडता आहे. टाकून बघा, मग कळेल कशाला.’

तोवर आणखी दोघी आल्या. एक म्हणाली, टोपी चढवली की बाजूचं दिसत नाही, पोर नेमकं बाजूनेच पळतं. दुसरी म्हणाली, झिप खालूनही उघडायला हवी, नाहीतर मांडी घालता येत नाही. एक बाप म्हणाला, ‘माझ्या कोटाबद्दल पण विचारा की.’ त्याला कोणी बोलू दिलं नाही. मी तासभर ऐकत होतो. आणि त्या तासाभरात, भिंगरी, एकही माणूस ताठ उभं राहिलेलं मी बघितलं नाही. वाकलेली, बसलेली, एका हाताला पोर लटकलेलं, दुसऱ्या हातात सायकल. आणि मी जन्मभर सांगत आलो, ताठ उभे राहा, नजर समोर. लोक माझ्यासमोर तेवढ्यापुरते ताठ उभे राहिले, आणि कोट घेऊन घरी जाऊन पुन्हा वाकले.

तेव्हा तुझं आधीचं माप मी फाडलं. नवीन माप असं घ्यायचं. उकिडवी बस, कोणाच्या तरी बुटाची नाडी बांध, आणि तशीच राहा. मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत तेव्हाचं माप. बसलेली असताना कोट जमिनीपासून चार बोटं वर संपायला हवा, उभी राहिलीस की ते ठिकाण गुडघ्याच्या वर कुठे येतं ते पाहा. बाहीचं माप घेताना धाकट्याला त्या हाताला लटकू दे. छातीचा घेर घेताना त्याला कडेवर घे, कारण थंडीत तो आत शिरणार, हे मी आज तीनदा बघितलं.

तोवर मामीचा जाड स्वेटर पाठवतोय. पायपुसण्याचं ते जाकीट झटकून स्वेटरच्या आत घाल. जिन्यात बसू नका. फाटक मात्र लावून घ्यायला सांग कोणाला तरी, आणि धाकट्याला मामीच्या स्वेटरचा लाल रंग आधी घरात दाखव.

सोबत कापडाचे नमुने आहेत, पाणी न शिरणारे, घरी धुता येणारे. राखाडी, निळा, तपकिरी, हिरवा. ते ज्या पिवळ्या तुकड्यात गुंडाळलेत तो नमुना नाही. तो फेकून दे.

मामा


१९ जानेवारी

मामा,

स्वेटर पोचला. त्यात मी दोनदा मावते, पण मैदान पुन्हा सुरू झालं. मैदान शाळेचंच, तिथल्या पहारेकऱ्याने फाटकाला कडी करून दिली. पूर्ण वेळ अजून निभत नाही, वारा स्वेटरच्या आरपार जातो. पण जिन्यापेक्षा बरं.

माप घ्यायला सुट्टीच्या दिवशी ह्यांनाच बसवलं. मी थोरलीच्या बुटाची नाडी बांधत उकिडवी बसले, हे पाठीमागे टेप घेऊन. म्हणाले, ‘मामांना लिही, भिंगरी हलते फार.’ मग एक आकडा सांगितला. मग दुसरा आकडा काही येईना. वळून बघितलं तर टेप हातात धरून, भिंतीला टेकून झोपलेले. मी तशीच बसून राहिले, पायाला मुंग्या आल्या तरी. थोरलीने त्यांच्या बोटांतून टेप हळूच सोडवली आणि बाकीची मापं तिने घेतली. कागदावरचं अक्षर तिचं आहे. उजवी बाही डावीपेक्षा लांब आली आहे, ती चूक नाही असं तिने खाली लिहिलंय. धाकटा उजव्या हातालाच लटकतो.

आता रंगाचं. तू फेकायला सांगितलेला पिवळा तुकडा धाकट्याने पहिल्यांदा उचलला तो अजून सोडलेला नाही. उशीखाली घेऊन झोपतो. थोरली म्हणाली, तपासून बघू. जिन्याच्या वरच्या टोकाला मी आणि ग्रंथपालबाई पाठमोऱ्या उभ्या राहिलो, खांद्याला एकेक तुकडा लावून, आणि तिने धाकट्याला खालून सोडलं. माझ्या खांद्यावरच्या निळ्याला तो गोंधळला. तपकिरीला पायरीवरच बसला. राखाडीला सरळ ग्रंथपालबाईंकडे गेला (त्यांच्या खिशात बिस्किटं असतात, त्यामुळेही असेल). पिवळ्याला मात्र धडपडत, ओरडत माझ्याकडे आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

तर मामा, पिवळा.

भिंगरी


६ फेब्रुवारी

भिंगरी,

पिवळा! ते कापड मी कोटांसाठी आणलेलंच नव्हतं. रस्ते झाडणाऱ्यांच्या जाकिटांचं काम आलं होतं, त्यातला उरलेला तुकडा तो. लांबून दिसावेत, कोणी अंगावर गाडी घालू नये म्हणून त्यांना तो रंग देतात. हे मी कपाळावर हात मारून मुकादमाला समजावून सांगत होतो, आणि सांगता सांगता थांबलो. तुलाही तेच हवंय की.

कोट तयार आहे, आज पाठवला. गुडघ्याच्या वर संपतो. झिप वरूनही उघडते, खालूनही. पाठीत मी दोन्ही बाजूंना चुण्या दाबून ठेवल्यात, उभी असलीस की मिटतात, बसलीस की उघडतात. बुडाखाली दुहेरी कापड आहे, ओल्या कठड्यासाठी. टोपीच्या कडा मागे घेतल्यात, बाजूचं दिसेल. खिसे इतके खोल आहेत की त्यात दगड राहील, आणि दगडाचा धाकटा भाऊही. आतून भरण हलकं, वजन मांजराइतकं. उजवी बाही लांब ठेवलीय. मुकादम म्हणाला, ‘शेठ, बाह्या कमीजास्त झाल्यात.’ मी म्हटलं, ‘पोर लटकव एका हाताला, मग बोल.’

मनगटापाशी मऊ पट्टा आहे, नाकं पुसायला. तो वेगळा काढून धुता येतो.

आठवडाभर उशीर झाला त्याला तुझी मामी जबाबदार. कोट घालून बघ, म्हणून तिला दिला. ती कारखान्यात मधोमध उकिडवी बसली, जमिनीवर टाकलेली किल्ली उचलली, पुन्हा टाकली, पुन्हा उचलली. सगळी मशिनं थांबली होती. मग म्हणाली, ‘हा माझा.’ काढेचना. शेवटी तिला दुसरा शिवून द्यावा लागला, तेव्हा तुझा सुटला. जाड वेणीची बाईपण येऊन माप देऊन गेली. बसून.

आता राखाडीचं. एवढी लोकर, एवढं हातकाम. एखाद्या समारंभाला तरी घाल. खुंटीला लटकवू नकोस, इतकंच मागणं. मुकादम रोज विचारतो, ‘शेठ, तो राखाडी अंगावर आहे ना?’ आणि मी म्हणतो, माझ्या हातचा कोट आहे तो.

मामा

पिवळा छान आहे. मुलं जेवतात का? — मामी


२२ फेब्रुवारी

मामा,

खोडाखोड करत लिहितेय, म्हणजे तुला शंका नको. उबदार आहे. उबदार, उबदार, उबदार. बघ, बटणं नाहीतच या कोटाला.

पहिल्या दिवशी मैदानावर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. एकजण म्हणाली, ‘बाई, कचऱ्याची गाडी आली का?’ आम्ही सगळ्याच हसलो. दोन दिवसांनी तीच म्हणाली, ‘तुमच्या मामांना आमचं माप चालेल का?’ आता पोरं दूरवर जातात, मधेच मान वर करून पिवळं कुठे आहे ते बघतात आणि पुन्हा खेळायला लागतात. दुसऱ्यांची पोरंसुद्धा आया दिसल्या नाहीत की माझ्याकडे येतात. मी कठड्यावर बसते. कठडा ओला आहे, हे मला घरी आल्यावर आठवतं. धाकट्याला वारा लागला की तो झिपेच्या खालच्या तोंडातून आत शिरतो आणि फक्त बूट बाहेर राहतात.

दिवे लागेपर्यंत आम्ही बाहेर असतो. कधी दिवे लागल्यावरही, कारण मुलं ऐकत नाहीत.

आणि हे झोपतात, मामा. घरी येतो तेव्हा आम्हाला ह्यांना उठवावं लागतं. काल बऱ्याच दिवसांनी डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी दिसली. फोरमनने ह्यांना नव्या मोठ्या बॉयलरवर घेतलंय. म्हणाला, ‘जागा माणूस हवा तिथे.’ मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी ग्रंथपालबाईंकडे जाऊन उगाच एक पुस्तक घेतलं.

राखाडी कोटाची काळजी करू नकोस. तो रोज वापरात आहे, दुपारपासून संध्याकाळपर्यंत, एकही दिवस चुकत नाही. खुंटीला नाही. मुकादमाला खुशाल सांग.

मामीला सांग, मुलं जेवतात. आता तर जास्तच.

तुझी
भिंगरी

मामाआजोबा, हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं आहे म्हणून मी खाली लिहिते आहे. आईच्या पत्रात एक गोष्ट अर्धी आहे. राखाडी कोट खुंटीला नाही हे खरं आहे. तो बाबांच्या खोलीच्या खिडकीवर आहे. त्याच्यातून उजेड येत नाही आणि ट्रकचा आवाज पण कमी येतो, आम्ही पडदा आणि चादर आणि पुठ्ठा पण लावून बघितला होता पण तुमचा कोट सगळ्यात चांगला आहे. बाबा घोरतात. आधी तो आम्ही खुंटीलाच लटकवला होता पण जड असल्यामुळे खुंटी तुटली. आता त्याला चार खिळे मारले आहेत.